उत्तरासाठी कोरी बाजू

केस खोटं बोलत नाहीत, हे वाक्य हेमलताबाई पोरे यांनी गेल्या तीन वर्षांत इतक्या सभांमध्ये ऐकवलं होतं, की कार्यालयातले शिपाई चहा देताना ते एकमेकांना म्हणून दाखवायचे. बाईंच्या कानावर ते गेलं होतं आणि वरवर कपाळाला आठ्या घालत त्या मनातून खूश झाल्या होत्या. राज्य कामगिरी परीक्षण मंडळात तेहेतीस वर्षं घासल्यावर आपल्या नावावर एखादं वाक्य जमा व्हावं, हे काही थोडं नव्हे.

मंडळ करतं काय, हे लोकांना चटकन कळत नसे. पैसा कुठे गेला ते बघणारे वेगळे. मंडळ विचारायचं ते एवढंच, की योजना ज्याच्यासाठी केली त्याच्या आयुष्यात काही फरक पडला का? नळ आला, पण बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला का? शाळा झाली, पण पोर वाचायला लागलं का? प्रश्न साधा, उत्तर मिळवताना मात्र नाकी नऊ यायचे, कारण उत्तर शोधायचं नोंदवहीत आणि नोंदवही लिहिणारा त्याच योजनेवर पगार घेणारा. वर्षभराच्या सह्या एकाच बैठकीत, एकाच शाईने झालेल्या नोंदवह्या हेमलताबाईंनी तरुणपणी ढिगाने पाहिल्या होत्या. साध्या तपासनीस म्हणून लागलेली ही शिंप्याची मुलगी महासंचालक झाली, ती या नोंदवह्यांवर कधीच विश्वास न ठेवल्यामुळे.

आणि मग २०३८ साली ‘फणी’ आली.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. दिसायला ते जाड फणीसारखं, म्हणून सगळे फणीच म्हणत. त्याच्या दात्यांमध्ये केसाची एक बट ठेवायची आणि अर्ध्या तासात त्या माणसाने काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं, हे पडद्यावर रेघेसारखं उमटायचं.

यात जादू काही नव्हती. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तात त्या दिवशी जे असेल त्यातूनच घडतो. एकदा घडला की तो भाग बदलत नाही. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीत सहा वर्षांची रोजनिशी असते, मुळाशी आजचा दिवस आणि टोकाशी सहा वर्षांपूर्वीचा. ही रोजनिशी वाचायची ती अणूंच्या वजनावरून. नायट्रोजनचे दोन प्रकार असतात, एक हलका आणि एक किंचित जड. माणूस पोटभर जेवत असला की दोघांचं प्रमाण ठरलेलं. उपासमार झाली की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं, हलका नायट्रोजन बाहेर टाकतं आणि जड मागे राहतो. तो केसात दिसतो. कार्बनच्या अशाच दोन भावंडांवरून बाईने भात खाल्ला की भाकरी, हेही कळतं. शास्त्रज्ञांना हे पन्नास वर्षं ठाऊक होतं. फणीने एवढंच केलं, की मोठ्या प्रयोगशाळेतलं काम पिशवीत मावेल असं केलं.

हेमलताबाईंनी ती पहिल्यांदा वापरली ‘माउली थाळी’ योजनेवर. डोंगराळ तालुक्यांतल्या गरोदर बायकांना, आणि बाळंतपणानंतर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, अंगणवाडीत रोज दुपारी एक भरलेली थाळी. भात, डाळ, उसळ, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. साठ वाड्या निवडल्या, बायकांच्या परवानगीने एकेक बट घेतली. अठरा वाड्यांत सगळं ठीक होतं. उरलेल्या बेचाळीस वाड्यांत नोंदवही म्हणत होती की पूर्ण थाळी दिली आणि केस म्हणत होते की बाईच्या पोटात दोन तृतीयांशच गेली. तिसरा हिस्सा गायब.

“सरळ चोरी आहे, मॅडम,” उपसंचालक प्रद्युम्न सबनीस म्हणाला. चाळिशीचा, हुशार, फणीवर स्वतःच्या पोटच्या पोरीसारखं प्रेम करणारा. “आणि गंमत बघा, ही घट हळूहळू येत नाही. पायऱ्या पायऱ्यांनी येते. एक महिना ठीक, मग एकदम खाली. मग आणखी खाली. चोर सरावत जातो तसा हात मारतो.”

हेमलताबाईंना ते पटलं. अहवाल तयार झाला. बेचाळीस अंगणवाडी सेविकांना कामावरून काढावं, अशी शिफारस त्यात होती. एकोणीस तारखेला विधिमंडळाच्या समितीसमोर तो मांडायचा होता आणि मंडळात सगळ्यांना माहीत होतं की तो मांडून झाला की मुख्य परीक्षकाची, म्हणजे महासंचालकाच्याही वरची, खुर्ची हेमलताबाईंची. तिथवर आजपर्यंत कुणी साधा तपासनीस पोचला नव्हता.

एकच आडकाठी उरली. समितीतले एक सभासद म्हणाले, यंत्र खरं कशावरून? कापल्याची तारीख पक्की माहीत आहे असा एखादा जुना केस वाचून दाखवा.

हेमलताबाईंना गंगावन आठवलं.

२००३च्या श्रावणात मंदाताईला, त्यांच्या मोठ्या बहिणीला, विषमज्वर झाला होता. ताप डोक्यात जाईल म्हणून वडिलांनी तिची कमरेपर्यंतची वेणी कापवली. ती टाकवेना, म्हणून ताईने तिचंच गंगावन करून ठेवलं. वेणी भरदार दिसावी म्हणून बायका आत गुंफतात ती केसांची जुडी. संक्रांतीला हेमलताबाई फलटणला ताईकडे गेल्या तेव्हा ट्रंकेतून त्यांनी ते काढलं.

“नेऊ का गं हे?”

“ने की. मला आता काय शेंडीला बांधायचंय?” ताई म्हणाली आणि पुन्हा मशीनवर वाकली.

पुण्याच्या कार्यालयात सबनीसने त्यातली एक बट फणीत घातली. दोघं पडद्याकडे बघत बसले. आधी ज्वारी-बाजरीची रेघ, मग कुठल्याशा लग्नसराईतला भात. २००१च्या जूनपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. तिथून रेघ उपासमारीकडे वळली. चौदा महिने. मधे फक्त एकदा, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, पोट भरलेलं. मग परत तेच.

“दिवाळीचा फराळ असणार,” सबनीस म्हणाला. “त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती. मॅडम, यंत्र कसलं अचूक आहे बघा!”

मॅडमना यंत्र दिसत नव्हतं. २००१च्या जूनमध्ये त्या पुण्याला कॉलेजात गेल्या होत्या, वसतिगृहात राहायला. आई लहानपणीच गेलेली. वडिलांचं शिवणाचं दुकान बेताचं. आणि दिवाळीला आपण घरी गेलो तेव्हा ताई आपल्याबरोबर जेवली, म्हणून तेवढाच महिना रेघ वर. आपण पुण्यात खानावळीचं जेवण नावं ठेवत खाल्लं आणि ताई तिकडे अर्धपोटी राहिली. चाळीस वर्षांत अक्षराने बोलली नाही. हेमलताबाईंनी सबनीसला बाहेर जायला सांगितलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या फलटणला निघाल्या.

मंदाताई साडीला फॉल लावत बसली होती. चौसष्ट वर्षांची, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवणारी. धाकट्या बहिणीने आल्या आल्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा ती दचकलीच.

“अगं, काय झालं? कोण गेलं?”

“ताई, मला सगळं कळलं.”

“काय कळलं?”

“तू माझ्या शिक्षणापायी चौदा महिने उपाशी राहिलीस. मी पुण्यात होते तेव्हा. तुझ्या केसांत सगळं लिहिलेलं आहे गं.” आणि हुंदके देत देत त्यांनी फणीचं सगळं सांगितलं, जून, दिवाळी, परत खाली गेलेली रेघ.

मंदाताईने ऐकून घेतलं. दातांनी दोरा तोडला. मग ती हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून आणि मग पदर सोडून मोकळी.

“माझ्या केसांनी सांगितलं, तुझ्या शिक्षणापायी म्हणून?”

“केस कारण सांगत नाहीत गं. पण तारखा—”

“हेमे, तुझे पैसे बाबा महिन्याच्या महिन्याला पाठवत होते. दुकान तेव्हा छान चाललं होतं. तू लग्नाच्या ब्लाउजांचे दिवस विसरलीस का?” ताई हसू आवरत म्हणाली. “तुला दस्तगीर आठवतो?”

आठवत नव्हता. मग अंधुक आठवला. दुकानात काज-बटणाला एक मुलगा होता, उंच, मान खाली घालून काम करणारा.

“चार कोसांवरून सायकल मारत यायचा. आई अंथरुणाला खिळलेली, डबा कोण देणार? दुपारी बाबा घरी जेवायला गेले की मी दुकानावर बसायची, माझा डबा घेऊन, आणि हा पाणी पिऊन परत कामाला. मला बघवेना. मी म्हणायची, अहो, माझा आज उपवास आहे, डबा वाया जाईल, तुम्ही खा.”

“रोज?”

“वार बदलून बदलून. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, बुधवारी काही सुचलं नाही तर कुलदैवताचा. त्याला आपले उपवास काय ठाऊक! एक दिवस मात्र म्हणाला, ‘तुमच्यात रोजच उपवास असतो का हो?’” ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते हसण्याचं की कशाचं ते कळेना. “आणि रात्री बाबांसमोर तरी पोटभर जेवावं, तर तेही होईना. घास उतरायचा नाही. त्या वयात काय होतं ते तुला सांगायला हवं का?”

हेमलताबाई मनात महिने मोजू लागल्या.

“आणि तो मधला महिना. दिवाळी नव्हे गं ती. दिवाळी दोन दिवस आधीच होऊन गेली होती. त्याचा रमजान होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘आता माझे उपवास, आता डबा तुम्ही खायचा, आणि मी समोर बसून बघणार.’ महिनाभर बसला गं समोर. मी जेवायची आणि तो काजं करायचा.”

“मग?”

“मग काय? पुढच्या श्रावणात इचलकरंजीला चांगलं काम मिळालं, गेला. लग्न झालं, पोरं झाली असं ऐकलं. मनातलं एकमेकांना एक शब्द बोललो नाही. तुला आत्ता सांगते ते पहिल्यांदा.” ताईने फॉलची घडी केली, परत उलगडली. आणि मग तिचा आवाज बदलला. “पण हेमे, तू हे असं का केलंस? माझ्या केसांना विचारलंस. मला विचारायला काय झालं होतं? मी अजून जिवंत आहे ना?”

हेमलताबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा ताई त्यांच्यावर खरी रागावली होती आणि तिचं बरोबर होतं.

“तुझ्यासाठीही राहिले असते गं उपाशी,” ताई म्हणाली आणि तिने बहिणीचे डोळे पदराने पुसले. “वेळ आली नाही, एवढंच. चल, पिठलं टाकते. आज माझा कुठलाही उपवास नाही.”

परतीच्या वाटेवर गाडीत हेमलताबाईंनी सगळं पुन्हा जुळवून बघितलं. आकडा बरोबर होता, तारखा बरोबर होत्या, दिवाळीसुद्धा शेजारीच होती, आणि तरी निष्कर्ष साफ चुकला होता. त्यातून जी चूक झाली तीही कशी, तर सगळ्या जगाचं कारण आपण, या थाटाची.

आणि त्यांना नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. त्या काळी आक्षेप लिहायचा तो पान मधोमध उभं दुमडून. उजव्या अर्ध्यात मंडळाचं म्हणणं, डावा अर्धा कोरा. तो ज्याच्यावर आक्षेप आहे त्याच्या उत्तरासाठी. त्याने काहीही लिहावं, ते शब्दाला शब्द अहवालाबरोबर छापलं जाई, खाडाखोड करायची सोय नव्हती. ‘अर्धं पान’ म्हणत त्याला. कोऱ्या अर्ध्याचं उत्तर यायला महिने लागत, लोक तिथे रडगाणी लिहीत. फणी आल्यावर हेमलताबाईंनीच आपल्या सहीने ही पद्धत बंद केली होती. केस खोटं बोलत नाहीत, मग माणसाला कशाला विचारायचं?

पुण्यात पोचल्या पोचल्या त्यांनी सबनीसला बोलावलं.

“त्या पायऱ्या मला परत दाखव. बेचाळीस वाड्यांच्या.”

“मॅडम, अहवाल छापायला गेलाय.”

“थांबव. मी डोंगरात जाऊन येते. कोऱ्या बाजूसकट आक्षेप छापून दे, एक प्रत.”

सबनीसने दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, “एकोणीसच्या आत झालं नाही, तर खुर्ची जाईल, मॅडम. दिल्लीहून दुसऱ्या एकाचं नाव आलेलंच आहे.”

“माहीत आहे रे मला,” हेमलताबाई म्हणाल्या. ती खुर्ची त्यांना हवी होती. अगदी मनापासून हवी होती, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं. “तू छाप.”

बोरशेतवाडी डोंगराच्या कुशीत, सडकेपासून तासाभराच्या चढावर होती. हेमलताबाई पोचल्या तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. अंगणवाडीच्या ओसरीवर सेविका यमुना मुठे भाताचं पातेलं उतरवत होती. पन्नाशीची, सडपातळ. पाहुण्या कोण ते कळल्यावर तिने हात पुसून कागद घेतला.

तिने उजवीकडचा मजकूर ओठ हलवत वाचला. ‘थाळीचा तिसरा हिस्सा लाभार्थींपर्यंत पोहोचत नाही. सेविकेने त्याचा अपहार केल्याचे दिसते.’

“मॅडम, देवाशपत, मी एक दाना घरी न्हेला नाय.”

“मग कुठे गेला, यमुनाबाई? हीच तर जागा आहे सांगायची. ही डावी बाजू तुमची.”

यमुनाने मान खाली घातली. “चूक माझीच हाय म्हना. मला काढा. ह्यांना काय इचारू नका.”

ओसरीवर बायका बसल्या होत्या. हेमलताबाईंनी मोजल्या, कारण मोजायची सवय जात नाही. यादीत नऊ नावं होती. बसल्या होत्या तेरा. आणि समोर थाळ्या नव्हत्याच. मधोमध एक मोठी परात होती, तिच्यात नऊ थाळ्यांचा भात, डाळ, उसळ सगळं एकत्र ओतलेलं, अंडी मोडून पसरलेली. तेराजणी तिच्याभोवती गोल बसल्या होत्या आणि कुणीही हात घालत नव्हतं.

नऊ थाळ्या, तेरा तोंडं. हेमलताबाईंच्या मनात भागाकार आपोआप झाला. प्रत्येकीला दोन तृतीयांशाहून जरासं जास्त.

“या चौघी कोण?” त्यांनी हळूच विचारलं.

बायकांनी यमुनाकडे बघितलं. यादीबाहेरच्या बाईला घास दिला, तर सेविकेची नोकरी जाते, हा नियम सगळ्यांना पाठ होता. शेवटी कडेला बसलेली एक मुलगी उठली. बावीस-तेवीसची असेल. प्रतीक्षा धिंदळे.

“तिघींचं सा म्हैन्याचं संपलं, बाई. पोरं सहा म्हैन्याची झाली का यादीतून नाव उडतं. आन मी चौथी.” तिने परातीकडे पाहिलं. “माझी पोर गेली. चार म्हैन्याची व्हती. छातीत कफ झाला. गेली त्याच सांजचं टॅबवर माझं नाव कमी झालं.”

“मग?”

“दुसऱ्या दिशी दुपारी पाय आपसूक हितं आलं. सवय व्हती ना. दारात उभी ऱ्हायले. यादीत नाय, ते ठावं व्हतं. मागं फिरनार व्हते, तर ह्या सगळ्या सरकल्या. जागा केली मला. यमुनाताईनं परात आनली. कुनाची थाळी कुनी फोडली, कुनाला काय दिलं, काय बी कळू नये म्हनून समदं एकातच वतलं.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “घरी बसले असते तर मी बी गेली असते, बाई. खोटं नाय सांगत.”

हेमलताबाईंनी पिशवीतून फणीचा कागद काढला. बोरशेतवाडीची रेघ. चार पायऱ्या. त्यांनी यमुनाच्या टॅबवर नावं कमी झाल्याच्या तारखा बघितल्या आणि एकेक पायरीवर बोट ठेवलं. प्रत्येक नाव ज्या आठवड्यात यादीतून गेलं, त्याच आठवड्यात नऊजणींच्या केसांतली रेघ एक पायरी खाली आली होती. चोराचा हात सरावला नव्हता. एकेकीला जागा करून दिली होती. आणि ज्या अठरा वाड्या निर्दोष ठरल्या, त्या सडकेकाठच्या, जिथे बाई आपल्या वेळेला येते, आपली थाळी घेते आणि खाऊन जाते, हेही त्यांना आता आठवलं.

पोटुशी बाई स्वतःच्या घासातून दुसरीला घास देते, हे चांगलं की वाईट? बाळाचं वजन कमी भरलं तर? तेरा बायकांकडे बघताना परीक्षक हेमलताबाईंना हा प्रश्न टाळता येईना. पण त्याचं उत्तर या बायकांना शिक्षा करून मिळणार नव्हतं. चार थाळ्या जास्त दिल्या की मिळणार होतं.

“हे सगळं डाव्या बाजूला लिहायचं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगाल तसं. मी एक अक्षर बदलणार नाही. नोकरी जायची भीती असेल, तर यमुनाबाई, ती भीतीसुद्धा लिहू.”

यमुना आधी रडली, मग सांगू लागली. बायका मधे मधे दुरुस्त करू लागल्या. भात गार होत होता. हेमलताबाई ओसरीच्या खांबाला टेकून लिहीत होत्या, तेहेतीस वर्षांत लिहिलं नव्हतं इतक्या सावकाश. कोरी बाजू भरत आली.

“प्रतीक्षा, तुझं काही राहिलं? तुझं नाव यादीत परत घ्यावं, असं लिहू?”

मुलगी विचारात पडली. मग मान हलवली.

“माझं नगं. तिचं लिवा. टॅबवर नुस्तं ‘बालक, कमी’ असं आलं. बारसं झालं व्हतं तिचं. मैना नाव ठिवलं व्हतं, माझ्या आजीचं.”

हेमलताबाईंनी लिहिलं. ‘मैना’ त्यांनी इतर अक्षरांहून ठळक काढलं.

अहवाल एकोणीसला गेला नाही. सबनीस स्वतः अर्धी पानं घेऊन उरलेल्या एकेचाळीस वाड्या फिरला. परत आला तेव्हा त्याचे बूट फाटले होते आणि तो फणीबद्दल पूर्वीइतक्याच प्रेमाने, पण जरा कमी बोलत होता. एकतीस वाड्यांत परात होती. सहा वाड्यांत खरोखरच चोरी होती, तीही त्याने लिहून आणली. चार वाड्यांत कुणी काहीच सांगितलं नाही, तिथली बाजू कोरीच छापली. मुख्य परीक्षकाच्या खुर्चीवर दिल्लीचे गृहस्थ येऊन बसले. हेमलताबाईंना चार दिवस वाईट वाटलं. पाचव्या दिवशी ताईने फोनवर शिव्या घातल्या, मग जरा बरं वाटलं.

समितीची सभा पुढच्या महिन्यात झाली. अहवाल वाचायचं काम योजना चालवणाऱ्या विभागाच्या सचिवांकडे होतं. अर्ध्या पानाच्या जुन्या नियमाप्रमाणे आक्षेप आणि उत्तर, दोन्ही पूर्ण वाचायची. ते भरभर वाचत आले आणि बोरशेतवाडीच्या डाव्या बाजूवर त्यांचा वेग कमी झाला. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले.

“वाचा,” समितीचे अध्यक्ष म्हणाले.

“‘माझं नगं. तिचं लिवा. मैना नाव ठिवलं व्हतं, माझ्या आजीचं.’”

अध्यक्षांनी हेमलताबाईंकडे पाहिलं. “मंडळाची शिफारस?”

हेमलताबाई उभ्या राहिल्या. “सेविकांवर कारवाई करू नये, सहा सोडून. बाळ गेलं तरी आईचं नाव वर्षभर यादीतून काढू नये. आणि सहा महिने झाल्याबरोबर थाळी बंद करण्याचा नियम पुन्हा तपासावा.”

अध्यक्षांनी मान डोलावली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या लघुलेखक बाईंनी हात वर केला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं.

“माफ करा, सर. नोंदीसाठी मृत व्यक्तीचं पूर्ण नाव लागतं. आईचं नाव, आडनाव.”

“मैना प्रतीक्षा धिंदळे,” हेमलताबाई म्हणाल्या. “वय चार महिने तीन दिवस.”

बाईंनी ते लिहून घेतलं आणि बरोबर लिहिलंय ना, म्हणून एकदा मोठ्याने वाचून दाखवलं.